चित्रपट-रसिकांचीं कोडीं व त्यांचा साधनपुरावा

जुन्या चित्रपटांचे भोक्ते एकत्र जमले म्हणजे त्यांच्यांत एक खेळ हटकून रंगतो. एकानें कोडें घालावें व इतरांनीं तें सोडवावें. कधीं एखाद्या दृश्याचें पिवळें पडलेलें छायाचित्र पुढें ठेवून चित्रपट ओळखावयास सांगतात. कधीं नटांचीं नांवें एकामागून एक उच्चारून, कितव्या नांवापाशीं उत्तर येतें तें पाहतात. आणि कधीं 'पहिला कोणता', 'एकमेव कोणता', 'सर्वांत अधिक कशांत' असे चढाओढीचे प्रश्न निघतात. अशा करमणुकीची दखल संशोधनाच्या त्रैमासिकानें कां घ्यावी, असें कोणी विचारील. त्यास उत्तर असें कीं, ह्या खेळांतील उत्तरें बखरीतील मजकुराप्रमाणें तोंडोतोंडीं चालत आलीं आहेत व सांगणाऱ्याच्या आत्मविश्वासावर तीं मान्य होत आहेत. बखरीस जी कसोटी आपण लावितों, तीच त्यांस लावली असतां काय उरतें, तें पाहण्याचा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

प्रश्न विचारण्याची ही हौस आजची नव्हे. बाबूराव पटेल यांनीं १९३५ सालीं मुंबईंत 'फिल्मइंडिया' हें इंग्रजी मासिक काढलें. वाचकांच्या प्रश्नांस संपादकानें दिलेलीं उत्तरें हें त्यांतील अत्यंत लोकप्रिय सदर होतें. उत्तरांत माहितीपेक्षां टोमणाच पुष्कळदां अधिक असे. तथापि त्या काळच्या प्रेक्षकास काय जाणून घ्यावेंसें वाटे, याचें तें एक दफ्तरच होय, व त्या दृष्टीनें त्याचे जुने अंक संग्राह्य आहेत.

आतां कोड्यांकडे वळूं. सर्वांत जुनें व सर्वांत भांडणाचें कोडें म्हणजे 'पहिला भारतीय चित्रपट कोणता?' हें. याचें ठराविक उत्तर 'राजा हरिश्चंद्र' असें येतें. लागलीच कोणी तरी 'नव्हे, पुंडलिक' म्हणून हरकत घेतो, आणि खेळाचा वाद होतो. दोन्ही पक्षांचा पुरावा असा आहे. रामचंद्र गोपाळ ऊर्फ दादासाहेब तोरणे यांचा 'श्री पुंडलिक' मुंबईस गिरगांवांतील कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफ ह्या गृहांत १८ मे १९१२ रोजीं लागला. 'टाइम्स ऑफ इंडिया'च्या २५ मे १९१२ च्या अंकांत त्याची जाहिरात आहे. मुंबईतील निम्म्या हिंदु वस्तीनें हा चित्रपट पाहिला असून उरलेल्या निम्मीनेंही तो पाहावा, अशी तींत बढाई आहे. बढाईचा आंकडा अर्थातच सोडून द्यावयाचा. संख्येच्या बाबतींत जाहिरातदाराची साक्ष भाटाच्या साक्षीहून निराळी नसते. परंतु त्या आठवड्यांत त्या गृहीं तो चित्रपट चालू होता, एवढ्यापुरता हा पुरावा समकालीन व नि:संशय आहे.

धुंडिराज गोविंद ऊर्फ दादासाहेब फाळके यांचा 'राजा हरिश्चंद्र' निमंत्रितांस २१ एप्रिल १९१३ रोजीं ग्रँट रोडवरील ऑलिंपिया नाट्यगृहांत दाखविण्यांत आला व सर्व लोकांस ३ मे १९१३ पासून त्याच कॉरोनेशनमध्यें. म्हणजे 'पुंडलिक' वर्षानें वडील ठरतो. तारखांचा निवाडा इतका सरळ असतां वाद राहतो, तो 'चित्रपट' ह्या शब्दाच्या अर्थामुळें. 'पुंडलिक' हें रामराव कीर्तिकर यांच्या मराठी नाटकाचें चित्रण होतें. कॅमेरा चालविणारा जॉन्सन नांवाचा इंग्रज होता, व फीत धुण्यासाठीं लंडनला गेली. उलट फाळके १९१२ च्या प्रारंभीं स्वतः लंडनला जाऊन ती विद्या शिकले, विल्यमसनचा कॅमेरा घेऊन परत आले, आणि लेखन, दिग्दर्शन, फीत धुणें, छापणें हें सर्व त्यांनीं येथें, स्वतःच्या देखरेखीखालीं केलें. ज्यास 'पहिलें कथाचित्र' इतकेंच विचारावयाचें आहे, त्यानें तोरण्यांचें नांव घ्यावें. ज्यास 'संपूर्ण स्वदेशीं घडविलेलें कथाचित्र' विचारावयाचें आहे, त्यानें फाळक्यांचें. भारतीय चित्रपटाची शताब्दी ३ मे १९१३ ह्या दिवसापासून मोजून २०१३ सालीं साजरी झाली, ती दुसऱ्या अर्थानें बरोबर होती. परंतु त्या समारंभामुळें पहिला अर्थ नाहींसा होत नाहीं, व मालवणचे तोरणे हे केवळ तळटीपेचे धनी कां व्हावे, हें आम्हांस समजत नाहीं.

ह्या प्रश्नांत आणखी एक खोडा आहे. दोघांच्याही पूर्वी, १८९९ सालीं, हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर ऊर्फ सावेदादा यांनीं मुंबईच्या हँगिंग गार्डनमध्यें झालेल्या एका कुस्तीचें चित्रण केलें होतें. त्या कुस्तीतील एका मल्लाचें नांव पुंडलिकदादा व दुसऱ्याचें कृष्णा न्हावी. आतां पाहा : चित्रण करणारा हरिश्चंद्र, चित्रित झालेला पुंडलिक, आणि तेरा-चौदा वर्षांनीं निघालेले दोन चित्रपट तेही 'पुंडलिक' व 'हरिश्चंद्र' ह्याच नांवांचे! एकाच नांवाच्या दोन पुरुषांची शकावलींत कशी गल्लत होते, हें आपल्या वाचकांस सांगावयास नको. खेळांत ही गल्लत झालेली आम्हीं ऐकली आहे, व ती करणारा माहितगार मनुष्य होता.

जाहिरातींविषयीं एक गोष्ट येथेंच नमूद करितों. 'राजा हरिश्चंद्र' कॉरोनेशनमध्यें एकटा लागला नव्हता. त्याच कार्यक्रमांत मिस आयरीन डेलमार हिचें गाणें-नाचणें, मॅकक्लेमेंट्स यांचा विनोदी प्रवेश, आणि पायांनीं वस्तु झेलणारा अलेक्झांडर, अशी खिचडी होती. 'पुंडलिक'बरोबरही एक परदेशी चित्रपट दाखविला जात असे. आज ज्यास आपण युगारंभ म्हणतों, तो त्या दिवशींच्या प्रेक्षकास एका मिश्र कार्यक्रमांतील एक भाग होता. ही गोष्ट कोणत्याही आठवणींत सांपडत नाहीं. ती केवळ जाहिरातीच्या कागदावर शिल्लक आहे.

दुसरें आवडतें कोडें : 'भारतीय चित्रपटांतील पहिली नायिका कोण?' उत्तर देणारा विचारांत पडला कीं विचारणारा हंसून सांगतो, 'ती स्त्रीच नव्हे!' हें खरें आहे. तारामतीची भूमिका अण्णा साळुंके ह्या पुरुषानें केली. हरिश्चंद्र दत्तात्रय दामोदर दाबके, आणि रोहिदास हा फाळक्यांचा मुलगा भालचंद्र. साळुंके पूर्वी ग्रँट रोडवरील एका उपाहारगृहांत आचारी होते असें सांगतात. पुढें १९१७ च्या 'लंकादहना'त रामही तेच झाले व सीताही तेच. त्यामुळें 'एकाच चित्रपटांत नायक व नायिका एकच कोण?' हें तिसरें कोडें आपोआप तयार झालें. परंतु येथें थांबणाऱ्यांनीं एका मायलेकींवर अन्याय केला आहे. फाळक्यांच्याच 'मोहिनी भस्मासुरा'त (१९१३) दुर्गाबाई कामत व त्यांची कन्या कमलाबाई (पुढें गोखले) ह्या पडद्यावर आल्या. स्त्रियांनीं पडद्यावर येणें हें त्या काळीं लोकापवादास आमंत्रण होतें, व तो त्यांनीं पत्करला. 'पहिली नायिका' ह्या कोड्याचें चमत्कारिक उत्तर सर्वांस पाठ आहे आणि साधें उत्तर फार थोड्यांस.

आतां छायाचित्रावरून ओळखण्याचा प्रकार. पुढें ठेवलेलें चित्र 'राजा हरिश्चंद्रा'चें असलें कीं उत्तर क्षणांत येतें, व खालीं '१९१३' असें लिहिलेलेंही असतें. येथें मात्र संशोधकानें थबकावें. फाळक्यांनीं हीच कथा १९१७ सालीं 'सत्यवादी राजा हरिश्चंद्र' ह्या नांवानें पुन्हा चित्रित केली. मूळ चित्रपट चार रिळांचा होता; पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयांत त्यांपैकीं पहिलें व शेवटचें अशीं दोनच रिळें आहेत, आणि तीं १९१३ चीं नसून १९१७ च्या आवृत्तीचीं असावीं असें कित्येक चित्रपट-इतिहासकारांचें मत आहे. पोथ्यांच्या भाषेंत बोलावयाचें तर, कर्ता तोच, लेखक तोच, विषय तोच, पण हातीं आहे ती त्यानेंच चार वर्षांनीं काढलेली दुसरी प्रत. पुष्पिका गळालेली पोथी मूळ प्रत म्हणून छापावी, तसेंच हें झालें. ह्या रिळांतील चित्र छापून त्याखालीं निर्धास्तपणें १९१३ घालणें आम्हांस पसंत नाहीं.

रिळें जपण्याचा विषय निघाला म्हणून 'आलमआरा'चें कोडें घेतों. अर्देशीर इराणी यांचा हा पहिला भारतीय बोलपट मुंबईच्या मॅजेस्टिक सिनेमांत १४ मार्च १९३१ रोजीं लागला. तो आज कोठेंही उपलब्ध नाहीं. 'तो कोठें व केव्हां नष्ट झाला?' असा प्रश्न केल्यास बहुतेक जण तत्परतेनें सांगतात कीं, पुण्यांत २००३ सालच्या आगींत. त्या वर्षीं ८ जानेवारीस पुण्यांत नायट्रेट फितींच्या कोठारास आग लागली व जुन्या चित्रपटांची मोठी हानि झाली, हें सत्य आहे. पण 'आलमआरा' त्यांत जळला हें सत्य नव्हे. १९६४ सालीं स्थापन झालेल्या ह्या संग्रहालयाचे आद्य शिल्पकार पी. के. नायर यांनीं स्पष्ट सांगून ठेविलें आहे कीं, तो चित्रपट संग्रहालयाच्या हातीं कधीं आलाच नव्हता. तो त्याच्या पुष्कळ आधीं नाहींसा झाला. ज्याच्या ताब्यांत वस्तु असावयाची, तोच ती आपल्याकडे नव्हती म्हणून सांगतो; याहून बलवत्तर साक्ष कोणती? परंतु आगीची गोष्ट सांगावयास सोपी आहे, तिला तारीख आहे, ज्वाळा आहेत. खरें कारण नीरस आहे. नायट्रेटच्या फिती आपोआप कुजत, जागा अडवीत, धोक्याच्या असत. आणि त्यांतील चांदी काढून विकतां येई. भारतांत सुमारे तेराशें मूकपट झाले. त्यांपैकीं पूर्ण वा अपूर्ण अवस्थेंत शिल्लक आहेत ते तीसांच्या आंत. एवढा संहार एका आगीनें होत नाहीं.

'आलमआरा'त सात गाणीं होतीं. त्यांतील फकिराचें गाणें वझीर महंमद खान यांनीं म्हटलें, व चित्रपट-संगीताच्या प्रत्येक कोड्यांत हें नांव येतेंच. त्या वेळीं त्या गाण्यांच्या तबकड्या निघाल्या नाहींत. ज्या कानांनीं तीं ऐकलीं ते कान गेले.

गाण्यांच्याच संख्येविषयीं 'सर्वांत अधिक गाणीं कोणत्या चित्रपटांत?' असें विचारतात. चित्रपटाविषयीं मतभेद नाहीं : कलकत्त्याच्या मादन थिएटर्सचा, मास्टर निसार व जहाँआरा कज्जन यांचा 'इंद्रसभा' (१९३२). आंकड्याविषयीं मात्र कोणी ६९ म्हणतो, कोणी ७१, कोणी ७२. ७१ ची फोड अशी देतात : गझला ३१, ठुमऱ्या ९, होऱ्या ४, गीतें १५, चौबोले २, छंद ५ व किरकोळ ५. ही फोड पाहिली म्हणजे भेदाचें मूळ दिसतें. लखनौच्या अमानतांच्या ज्या पद्यनाटकावर हा चित्रपट उभारला आहे, त्यांत संवादही पद्यांत आहेत. चौबोला हें गाणें मानावयाचें कीं संवाद? ज्यानें जसें मानिलें तसा त्याचा आंकडा आला. हे पाठभेद आहेत. ह्यांत एकाला चूक व दुसऱ्याला बरोबर म्हणण्याची घाई नको. आंकडा सांगणाऱ्यास त्याची फोड विचारावी म्हणजे पुरें.

अशा बाबींचा निर्णय अखेर चित्रपटगृहाच्या दारांत विकल्या जाणाऱ्या गीतपुस्तिकांवर व तबकड्यांवरील चिठ्ठ्यांवर येऊन ठेपतो. हरमंदिर सिंह 'हमराज' यांनीं 'हिंदी फिल्म गीत कोश' सिद्ध केला तो मुख्यतः अशाच साधनांवर. तबकडीवरील चिठ्ठीही डोळे झांकून मानतां येत नाहीं. 'महल' (१९४९) ह्या चित्रपटांतील प्रसिद्ध गाण्याच्या आरंभींच्या तबकडीवर गायिका म्हणून 'कामिनी' हें नांव होतें. कामिनी हें त्या चित्रपटांतील पात्र. गायिका लता मंगेशकर. शिलालेखावर राजाचें नांव असावें व कोरणाऱ्याचें नसावें, तसाच हा त्या वेळचा प्रघात होता.

ज्यांच्यापाशीं पोथ्यांच्या रुमालांत किंवा वडिलांच्या पेटींत अशा गीतपुस्तिका असतील, त्यांनीं त्या रद्दींत काढण्यापूर्वी मुखपृष्ठाइतकेंच मलपृष्ठही पाहावें. बहुतेक पुस्तिकांवर सन छापलेला नसतो. पण छापखान्याचें नांव व पत्ता, किंमत, चित्रपटगृहाचा शिक्का, क्वचित् मालकानें शाईनें घातलेली तारीख, हें तेथें सांपडतें. कोपरा फाटलेल्या प्रतींतही हा मजकूर बहुधा शाबूत असतो. तो जसाच्या तसा, दुरुस्ती न करतां, उतरून घ्यावा.