दोन लेखण्या, एक कंठ

गाणे लोकांच्या ओठी बसले की त्यावर पहिला हक्क गायकाचा होतो. चाल कोणाची हे जाणकारांना ठाऊक असते. परंतु शब्द ज्याचे, तो बहुधा पडद्याआडच राहतो. म्हणूनच एखाद्या कीर्तिवंत गायिकेने आपल्या ध्वनिमुद्रिकेच्या शीर्षकात गीतकारांची नावे मानाने घालावीत, ही गोष्ट आम्हांस नोंद घेण्याजोगी वाटते. ऑगस्ट २०११ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेली बार्ब्रा स्ट्रायसँड यांची ‘व्हॉट मॅटर्स मोस्ट’ ही ती ध्वनिमुद्रिका. ॲलन आणि मॅरिलिन बर्गमन या दांपत्याच्या शब्दांना ती संपूर्णपणे वाहिलेली आहे.

हे दोघेही न्यूयॉर्कमधील ब्रुकलिनचे. एवढेच नव्हे, तर काही वर्षांच्या अंतराने एकाच रुग्णालयात जन्मलेले. परंतु त्यांची गाठ पडली ती देशाच्या दुसऱ्या टोकाला, लॉस एंजेलिस येथे, १९५६ साली. संगीतकार ल्यू स्पेन्स सकाळी एका गीतकाराबरोबर आणि दुपारी दुसऱ्या गीतकाराबरोबर काम करीत. सकाळचा ॲलन, दुपारची मॅरिलिन. स्पेन्स यांनीच एके दिवशी दोघांचा परिचय करून दिला. पुढे ॲलन यांनी मॅरिलिनसाठी ‘दॅट फेस’ हे गीत लिहिले, ते फ्रेड ॲस्टेअर यांच्याकडून गाऊन घेतले आणि लग्नाची मागणी घालताना तेच भेट म्हणून दिले. १९५८ साली दोघे विवाहबद्ध झाले.

त्यांची लेखनपद्धती जाणून घेण्याजोगी आहे. चाल आधी मिळावी, असा दोघांचा आग्रह असे. सुरांमध्ये शब्द दडलेलेच असतात, ते केवळ शोधून काढायचे, अशी त्यांची धारणा होती. एकाने ओळ सुचवावी, दुसऱ्याने ती पारखावी; पुढच्याच क्षणी भूमिका बदलाव्यात. कोणती ओळ कोणाची, याचा हिशेब त्यांनी ठेवला नाही. मिशेल लग्रां यांच्या चालीवरील ‘द विंडमिल्स ऑफ युअर माइंड’ (१९६८) आणि मार्विन हॅम्लिश यांच्या चालीवरील ‘द वे वी वर’ (१९७३) या चित्रपटगीतांना ऑस्कर पारितोषिके लाभली. प्रेम आटत चाललेल्या संसाराचे ‘यू डोन्ट ब्रिंग मी फ्लॉवर्स’ हे गाजलेले गीत याच सुखी जोडप्याने नील डायमंड यांच्यासमवेत लिहिले, हेही लक्षात ठेवावे. दुसऱ्याचे दुःख आपल्या शब्दांत मांडता येणे, हीच गीतकाराची खरी कसोटी नव्हे काय?

स्ट्रायसँड यांच्याशी त्यांचा स्नेह १९६० च्या दशकारंभापासूनचा. न्यूयॉर्कच्या ‘बॉन स्वार’ या लहानशा क्लबात गाणाऱ्या त्या कोवळ्या मुलीचा आवाज या दोघांनी प्रथम ऐकला, आणि मैत्री जुळली ती कायमची. या सहकार्याचा कळस म्हणजे १९८३ चा ‘येंटल’ हा चित्रपट. स्त्रियांना धर्मग्रंथांचे अध्ययन निषिद्ध असलेल्या यहुदी समाजात, पित्याच्या निधनानंतर मुलाचा वेष घेऊन शिकू पाहणाऱ्या मुलीची ही कथा. जे तिला कोणापाशीही उघड बोलता येत नाही, तेच ती गाण्यांतून मनाशी बोलते. लग्रां यांच्यासह बर्गमन दांपत्याला या चित्रपटाच्या गीतसंगीताबद्दल पुन्हा ऑस्कर मिळाले.

एवढी पुण्याई पाठीशी असता २०११ साली गाजलेल्या गीतांचाच संच काढणे सोपे होते. स्ट्रायसँड यांनी तसे केले नाही. बर्गमन यांची, परंतु आपण पूर्वी कधी ध्वनिमुद्रित न केलेली दहा गीते त्यांनी निवडली. जुनी गीते विशेष आवृत्तीच्या दुसऱ्या तबकडीत घातली. त्या वेळी त्यांचे वय ६९ होते. ‘विंडमिल्स’चा आरंभ त्या वाद्यांच्या साथीवाचून करतात, श्रोत्याचे कान प्रथम शब्दांकडे वळतात. ‘दॅट फेस’ही येथे आहे. प्रियकराने दिलेली ती भेट पन्नासहून अधिक वर्षांनी मैत्रिणीच्या कंठातून त्या घरी परत आली. चित्रपटगीत एका प्रसंगासाठी जन्मते; चित्रपट विस्मरणात गेल्यावर ते स्वतःच्या पायांवर उभे राहील काय, हा प्रश्न उरतोच. या ध्वनिमुद्रिकेने त्याचे होकारार्थी उत्तर दिले. अमेरिकेच्या विक्रीतालिकेत ती पहिल्याच आठवड्यात चौथ्या स्थानी पोहोचली.

मॅरिलिन ८ जानेवारी २०२२ रोजी निवर्तल्या. ॲलन १७ जुलै २०२५ रोजी, वयाच्या ९९ व्या वर्षी. आता या ध्वनिमुद्रिकेकडे पाहताना आम्हांस तिचे मोल अधिकच जाणवते. माणूस गेल्यावर त्याचे गुण गाणारे पुष्कळ असतात. येथे मात्र ऋण मान्य केले गेले, तेव्हा ते ऐकावयास पती-पत्नी दोघेही हयात होते, एकत्र होते. आपल्या घरांतही ज्यांच्या शब्दांवर आपण वाढलो अशी माणसे असतात. त्यांचे नाव त्यांच्या देखत आदराने घेण्यास उशीर करू नये.