दोन दिवस आणि दोन रात्री

काही वर्षांपूर्वीची डिसेंबरातली एक रात्र. साडेअकराच्या सुमारास अब्बांना धाप लागली म्हणून त्यांना इंदापुरातल्या एका दवाखान्यात नेलं. डॉक्टर नाव कमावलेले, हाताला गुण असलेले. त्यांनी तपासलं, इंजेक्शन दिलं, चिठ्ठी लिहायला घेतली. लिहिता लिहिता त्यांचं पेन कागदावरून घसरत खाली आलं आणि ते दचकून सावरले. मी पाहिलं, बोललो मात्र नाही.

मेडिकलवाल्याने चिठ्ठी दोनदा वाचली. मग विचारलं, "रक्तदाबाची ही गोळी दिवसातून तीनदा घ्यायला सांगितलीय का तुम्हाला?" गोळी दिवसातून एकदाच घ्यायची होती. मी तसाच भांडायला परत गेलो. डॉक्टर टेबलावर कपाळ टेकवून बसले होते. त्यांनी चिठ्ठी हातात घेतली, बराच वेळ पाहिली, खोडून दुरुस्त केली आणि एवढंच म्हणाले, "परवा रात्री उसाच्या ट्रॉलीचा अपघात झाला. तेव्हापासून पाठ टेकलेली नाही." माझा राग गेला नाही. अब्बांच्या जिवाशी खेळ झाला होता. पण भांडायचं कोणाशी, हे मात्र कळेना.

वैद्यकाचा इतिहास म्हणजे लशींचा, औषधांचा, शोधांचा इतिहास असं मी समजत होतो. त्या रात्रीनंतर मी दुसराच इतिहास शोधायला लागलो. डॉक्टरच्या झोपेचा.

या थकव्याला आज जगभर 'बर्नआउट' म्हणतात. शब्द तसा अलीकडचा. न्यूयॉर्कमधले मानसशास्त्रज्ञ हर्बर्ट फ्रॉइडनबर्गर दिवसा स्वतःचा व्यवसाय करत आणि रात्री गरिबांसाठी चालवलेल्या मोफत दवाखान्यात राबत. तिथले सगळ्यात उत्साही, सगळ्यात तळमळीचे सहकारीच आधी कोसळतात, हे त्यांच्या लक्षात आलं. ते स्वतःही त्यातून सुटले नाहीत. 1974 मध्ये त्यांनी यावर लेख लिहिला. पुढे 1981 मध्ये क्रिस्टिना मॅस्लाक यांनी हे मोजण्याची प्रश्नावली तयार केली. तिच्यात तीन गोष्टी पाहतात: आतून रिकामं झाल्यासारखा थकवा, समोरचा माणूस माणूस न वाटणं आणि आपल्या कामाला काही अर्थ उरला नाही असं वाटणं.

आपल्याकडे याला शब्द नाही असं म्हणतात. मला वाटतं, आहे. फक्त तो डॉक्टरच्या नाही, पेशंटच्या तोंडी आहे. "डॉक्टर आता पहिल्यासारखे राहिले नाहीत." "वसकन अंगावर येतात." "मान वर करून बघतसुद्धा नाहीत." चावडीवर आणि मशिदीच्या ओट्यावर ऐकू येणाऱ्या या तक्रारी म्हणजे त्या प्रश्नावलीचीच उत्तरं. आपण त्यांचा अर्थ मात्र एकच लावतो: माणूस पैशाच्या मागे लागला. काही लागलेही आहेत, ते नाकारत नाही. पण सगळा दोष माणसाच्या स्वभावावर टाकला की बाकी काही विचारावं लागत नाही.

याची दुसरी बाजू म्हणजे आपलं कौतुक. इंदापुरातून महामार्गाने पूर्वेला निघालं की सोलापूर लागतं, डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचं गाव. जन्म 1910, शिक्षण मुंबईच्या जी. एस. मेडिकल कॉलेजात. 1938 मध्ये जपानी आक्रमणाशी लढणाऱ्या चीनला काँग्रेसने पाच डॉक्टरांचं पथक पाठवलं, त्यात ते होते. बाकीचे चौघे परतले, कोटणीस राहिले. आघाडीजवळच्या खेड्यांत, मिळेल त्या घरात शस्त्रक्रिया करत राहिले. एका लढाईत त्यांनी सलग 72 तास शस्त्रक्रिया केल्याचं सांगितलं जातं. त्यांच्याआधी तिथे काम करणारे कॅनडाचे डॉ. नॉर्मन बेथ्यून 1939 मध्ये शस्त्रक्रियेत बोटाला झालेल्या जखमेतून रक्तात विष भिनून गेले होते. त्यांच्या नावाच्या रुग्णालयाचे कोटणीस प्रमुख झाले. त्यांना अपस्माराचे झटके येऊ लागले, विश्रांतीसाठी मागे जा असं सांगितलं गेलं, ते गेले नाहीत. 9 डिसेंबर 1942 ला, वयाच्या 32 व्या वर्षी त्यांचा मृत्यू झाला. मुलगा तेव्हा काही महिन्यांचा होता.

ख्वाजा अहमद अब्बास यांनी त्यांच्यावर पुस्तक लिहिलं आणि 1946 मध्ये व्ही. शांतारामांनी 'डॉ. कोटनीस की अमर कहानी' हा चित्रपट काढला. कोटणीसांबद्दल माझ्या मनात आदरच आहे, तो कमी होणार नाही. पण अपुरी झोप अपस्माराचा झटका ओढवून आणू शकते, हे आज कोणताही डॉक्टर सांगेल. त्यांचा मृत्यू झोपेअभावीच झाला असं मी म्हणत नाही, तसं म्हणायला माझ्याकडे आधार नाही. मला टोचतं ते वेगळं आहे. 72 तासांची ती गोष्ट आपण युद्धाच्या मैदानातून उचलली आणि शांततेच्या काळातल्या प्रत्येक डॉक्टरच्या गळ्यात घातली. 'देवमाणूस' म्हटलं की झालं. देवाला कुठे झोप लागते!

आता थोडं मागे जाऊ. दहाव्या शतकातल्या बगदादेत. तिथे बुवैही सत्ताधीश अदुद्दौला याने इ. स. 982 च्या सुमारास मोठं बीमारिस्तान सुरू केलं. बीमारिस्तान म्हणजे बिमारांची जागा, शब्द आपल्या ओळखीचाच. तिथे 24 हकीम नेमले होते, म्हणतात. त्यांतला एक जिब्रील, बुख्तीशू या ख्रिस्ती वैद्यघराण्यातला. तेराव्या शतकात इब्न अबी उसैबिया याने हकिमांच्या चरित्रांचा मोठा ग्रंथ लिहिला. तो स्वतःही डोळ्यांचा हकीम होता. त्यात या जिब्रीलच्या रुग्णालयातल्या कामाची नोंद आहे: आठवड्यातून दोन दिवस आणि दोन रात्री.

ही नोंद पहिल्यांदा वाचली तेव्हा मी पुस्तक मिटून ठेवलं. हजार वर्षांपूर्वी कुणीतरी बसून हिशेब केला होता की हकीम किती वेळ जागा राहणार आणि कधी घरी जाणार. तो दमतो हे गृहीत धरलं होतं. त्याच्याही आधी, नवव्या शतकात, इसहाक इब्न अली अर-रुहावी याने हकिमाच्या वर्तनावर 'अदब अत-तबीब' हा ग्रंथ लिहिला. त्यात हकिमाने स्वतःचं शरीर कसं सांभाळावं यावर एक प्रकरणच आहे.

आपल्या दख्खनमध्ये बहमनी सुलतान दुसरा अलाउद्दीन अहमदशाह (1436–1458) याने बीदरला दारुश्शिफा उभारली. औषध आणि अन्नासाठी गावांचं उत्पन्न लावून दिलं, मुसलमान हकीम आणि हिंदू वैद्य दोन्ही नेमले, असं फरिश्ता लिहितो. आपला हा मुलूख तेव्हा त्याच राज्यात होता. म्हणजे वैद्याचं पोट रोग्यांच्या संख्येवर नाही, गावांच्या महसुलावर चालत होतं.

आपल्याकडे सुवर्णयुगाच्या गोष्टी सांगून टाळ्या घ्यायची सवय आहे, ती मला नको. बगदाद आणि बीदर राजधान्या होत्या. खेड्यातल्या बाईला बाळंतपणात कोण विचारत होतं? जिब्रीलही दरबारी माणूस, त्याचे लाड होत असणार. पण एवढं खरं की जिथे जिथे रुग्णालय ही संस्था म्हणून उभी राहिली, तिथे वैद्याची पाळी आणि पगार हा त्या संस्थेचा प्रश्न होता. वैद्याच्या पुण्याईचा नव्हता.

आणि आपला काळ? न्यूयॉर्कमध्ये 1984 साली लिबी झायन ही 18 वर्षांची मुलगी रुग्णालयात दाखल झाली आणि काही तासांत गेली. तिला पाहणारे शिकाऊ डॉक्टर प्रदीर्घ ड्यूटीवर होते. तिचे वडील सिडनी झायन पत्रकार. ते आधी डॉक्टरांवर चिडले, मग त्यांना तास दिसू लागले. त्यांनी लढा दिला आणि 1989 मध्ये त्या राज्यात नियम झाला: निवासी डॉक्टरला आठवड्याला 80 तासांपेक्षा जास्त आणि सलग 24 तासांपेक्षा जास्त काम नाही. पुढे 2004 मध्ये अमेरिकेतच एका अभ्यासात दिसलं की लांबलचक पाळ्या करणाऱ्या इंटर्न डॉक्टरांकडून गंभीर चुका 36 टक्के जास्त झाल्या. माझ्या हातातली ती चिठ्ठी त्याच जातीची.

भारतात कागद त्याहून चांगला आहे. केंद्र सरकारच्या 5 जून 1992 च्या परिपत्रकात निवासी डॉक्टरांसाठी साधारणपणे दिवसाला 12 आणि आठवड्याला 48 तास लिहिलेत. 2023 च्या नियमांत राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने आकडा दिलाच नाही आणि 'वाजवी' तास, 'वाजवी' विश्रांती असे शब्द वापरले. 2024 मध्ये आयोगाच्याच कृतिगटाने आठवड्याला जास्तीत जास्त 74 तासांची शिफारस केली. 32 वर्षांत 48 चे 74 झाले, आणि तेही सुधारणा म्हणून! कारण प्रत्यक्षात त्याहूनही जास्त चालतं. माझ्या मामूंची मुलगी एका सरकारी रुग्णालयात निवासी डॉक्टर होती. रमजानमध्ये एकदा फोनवर म्हणाली, "भाईजान, ॲप्रनच्या खिशात खजूर ठेवते. अजान ऐकू येतच नाही, घड्याळ बघून तोंडात टाकते." छत्तीस तासांची ड्यूटी होती ती. नीट पास झाली तेव्हा मोहल्ल्याने तिचा सत्कार केला होता, मीच भाषण केलं होतं. नंतर ती कशी आहे हे आमच्यापैकी कुणी विचारलं नाही. "कधी येतेस, अम्मीचे रिपोर्ट बघायचेत," एवढंच विचारलं.

बारामतीत आता पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. 2019 मध्ये 100 जागांनी सुरू झालं. मोठी सोय झाली. पण इंदापूरपासून बारामती पन्नासेक किलोमीटर. मधल्या गावांत रात्री छातीत दुखलं तर दार वाजतं ते एकट्या डॉक्टरचंच. खाली दवाखाना, वर घर. गळीत हंगाम सुरू झाला की बीड-अहिल्यानगरकडून तोडणीच्या टोळ्या येतात, भवानीनगर-माळेगावच्या रस्त्यांना अंधारात दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर लागतात, कोयता लागलेले हात, तापलेली लेकरं, अवघडलेल्या बाया, सगळं वाढतं. डॉक्टर तेवढेच राहतात. सरकारी डॉक्टरला त्यात शवविच्छेदन, पोलीस केस, कोर्टाची तारीख, ऑनलाइन नोंदी आणि कुणी मोठं आलं की ताफ्यामागची ड्यूटी. खासगीवाल्याच्या डोक्यावर मशिनीचं कर्ज. शिवाय भीती. डॉक्टरांवरच्या हल्ल्यांविरुद्ध महाराष्ट्रात 2010 पासून कायदा आहे, पण रात्री चाळीस माणसं दारात उभी राहिली की कायदा आठवत नाही. त्या रात्री मीही हात उगारायच्या बेतात होतो, हे लपवण्यात अर्थ नाही.

आमच्या मोहल्ल्यांतल्या बीयूएमएस, बीएचएमएस डॉक्टरांची गोष्ट आणखी वेगळी. फी कमी, उधारी जास्त. "अपना आदमी है" म्हणून रात्री दोनलाही दार ठोठावायचा हक्क सगळ्यांना. अपना आदमी आजारी पडला तर मात्र दवाखाना बंद आणि चूलही.

2019 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने बर्नआउटची व्याख्या केली तेव्हा तो रोग नाही, कामाच्या ठिकाणच्या न आवरलेल्या ताणातून येणारी स्थिती आहे, असं म्हटलं. म्हणजे इलाज डॉक्टरवर करायचा नाही, जागेवर करायचा. डॉक्टरला योगासनं शिकवून रिकामी पदं भरत नाहीत. एका तालुक्यातल्या आठ-दहा खासगी डॉक्टरांनी रात्री वाटून घेतल्या, कोणत्या रात्री कोण जागं हे बाजारात फळ्यावर लिहिलं, सरकारी रुग्णालयात दुसरा माणूस खरोखर हजर असला, तर बगदादच्या त्या नोंदीच्या जवळपास तरी आपण पोहोचू.

अब्बांच्या त्या डॉक्टरांनी गेल्या वर्षी दाराला पाटी लावली: 'रविवारी दवाखाना पूर्ण बंद.' फोनही बंद असतो. गावात बरीच चर्चा झाली. मागच्या महिन्यात रविवारीच अब्बांना पुन्हा त्रास झाला. मी त्यांना गाडीत घालून त्या दारापर्यंत गेलो, पाटी वाचली आणि दोन मिनिटं हॉर्नवर हात ठेवून बसलो. वरच्या मजल्यावर पडदे ओढलेले होते. अब्बा मागच्या सीटवरून धापा टाकत म्हणाले, "बडे हो गये डॉक्टरसाब." मग आम्ही गाडी वळवली आणि बारामतीचा रस्ता धरला.