हुतात्म्याचा दाखला

दर वर्षी 17 सप्टेंबरला आपण मराठवाडा मुक्तिदिन साजरा करतो. झेंडावंदन होते, हुतात्म्यांची नावे घेतली जातात. त्या नावांमागे जी घरे उरली, त्यांच्याविषयी आज थोडे बोलायचे आहे.

स्वातंत्र्याला पंचवीस वर्षे झाली तेव्हा, 15 ऑगस्ट 1972 पासून, केंद्र सरकारने स्वातंत्र्यसैनिकांना निवृत्तिवेतन सुरू केले. आरंभी वार्षिक उत्पन्न पाच हजारांच्या आत असेल तरच ते मिळे. 1980 मध्ये ही अट गेली आणि योजनेच्या नावात ‘सन्मान’ हा शब्द आला. सर्वसाधारण नियम सहा महिन्यांच्या तुरुंगवासाचा. स्त्रियांना आणि अनुसूचित जाती-जमातींना तीन महिन्यांचा. हुतात्म्याच्या मागे विधवा, अविवाहित मुली, आई, वडील यांचा हक्क.

नियम सोपा, पुरावा अवघड. निजामाच्या राज्यात कचेरीची भाषा उर्दू. वॉरंट उर्दूत, तुरुंगाची नोंद उर्दूत. मी विशीत असताना असे कागद वाचून घ्यायला लोक लातूरला आमच्या घरी येत. शिकस्ता वळणाचे ते अक्षर मलाही पटकन लागत नसे. ज्या भाषेला गावात कुणी कुणी रझाकारांची भाषा म्हणत, तिच्याच दोन ओळींवर एखाद्या म्हाताऱ्याच्या देशभक्तीची साक्ष उभी असायची!

पण तुरुंगात गेलेल्याचा निदान कागद निघतो. वाटेत गाठून मारलेल्याचा कुठून निघणार? मारणारा पावती देत नाही. बिलोली तालुक्यातले गोविंदराव पानसरे ऑक्टोबर 1946 मध्ये अर्जापूरजवळ मारले गेले. त्यांचे नाव मराठवाड्याला पाठ आहे. ज्यांचे नाव कुणाला पाठ नाही, त्यांच्या आईने काय दाखवायचे?

आमच्या लातूरला एक अवघड आठवणही आहे. रझाकारांचा म्होरक्या कासिम रझवी याच गावात वकिली करीत होता. म्हणून मी शोएबुल्लाखान यांचे नाव मुद्दाम घेतो. ‘इमरोज’ या उर्दू दैनिकाचे हे तरुण संपादक. हैदराबाद भारतात विलीन व्हावे असे त्यांनी निर्भयपणे लिहिले आणि ऑगस्ट 1948 मध्ये त्यांचा खून झाला. त्यांचा हातही तोडला गेला. हा लढा धर्माचा नव्हता, याचा आणखी कोणता दाखला हवा?

आयर्लंडकडे पाहा. जून 1920 मध्ये जालंधरच्या छावणीत कॉनॉट रेंजर्स या ब्रिटिश पलटणीतील आयरिश शिपायांनी, मायदेशातील जुलमाच्या निषेधार्थ, शस्त्रे खाली ठेवली. सोलनला जेम्स डॅली त्यांचा पुढारी होता. 2 नोव्हेंबर 1920 रोजी दगशाईला त्याला गोळ्या घातल्या. आयर्लंडमध्ये पेन्शनचे कायदे 1923 आणि 1924 मध्ये झाले. पण भारतात बंड करणाऱ्या या शिपायांना आणि त्यांच्या वारसांना पेन्शन देणारा कायदा व्हायला 1936 उजाडले. म्हणजे स्वराज्य आले तरी आईबापांची प्रतीक्षा संपत नाही. मात्र आयर्लंडने एक चांगले केले. 2014 पासून त्या पेन्शनच्या फायली सर्वांना वाचायला खुल्या केल्या. मुलाच्या कमाईवर घर कसे चालत होते, ते त्या अर्जांत दिसते.

आपल्याकडे फायलींची चर्चा झाली ती बनावट प्रकरणांमुळे. 2005 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बीड जिल्ह्यातील 354 प्रकरणे तपासण्याचे काम निवृत्त न्यायमूर्ती पालकर यांच्याकडे सोपवले. खोट्यांना शोधायलाच हवे. पण एका खोट्या अर्जामुळे दहा खऱ्या अर्जांकडे संशयाने पाहिले जाते, हे त्याचे मोठे नुकसान.

हे अर्ज मराठवाड्याचा इतिहास आहेत. ज्यांच्याविषयी पुस्तक निघाले नाही, त्यांचे चरित्र तिथेच आहे. तुमच्या घरी आजोबांच्या पेटीत एखादा उर्दू किंवा मोडी कागद असेल, तर रद्दीत देऊ नका. आधी कुणाकडून तरी वाचून घ्या. वाचणारे आता थोडेच उरले आहेत.