दूरच्या यंत्राची खबर

रत्नागिरी सोडून निवसरकडे निघालेली कोंकण रेल्वेची गाडी थोड्याच वेळांत पानवलच्या पुलावर येते. पुलाची लांबी ४२४ मीटर, आणि सर्वांत उंच खांबाची उंची सुमारें ६४ मीटर. आषाढांतला वारा दरींतून उठूं लागला म्हणजे एवढ्या उंचीवर त्याचें बळ काय असेल, याची कल्पना सहज करतां येते. या पुलावर वाऱ्याचा वेग मोजणारें एक लहानसें यंत्र बसविलेलें आहे. वारा मर्यादेबाहेर जात असेल तर ती खबर रेल्वेच्या माणसांस वेळींच मिळावी, एवढ्यासाठींच त्याची योजना. डब्यांत बसलेल्या प्रवाशास त्याचा पत्ताही नसतो. यंत्रानें मोजावें ही गोष्ट जुनीच. परंतु दूरच्या यंत्रास प्रश्न विचारतां यावा, आणि आलेल्या उत्तरावर भरंवसा ठेवतां यावा, ही गोष्ट मात्र बरीच अलीकडची आहे. तिचा इतिहास बोधप्रद आहे.

या इतिहासाचें पहिलें पान याच किनाऱ्यावर सांपडतें. मुंबईस कुलाब्याची वेधशाळा १८२६ मध्यें निघाली आणि १८४१ पासून तेथें भूचुंबकत्वाच्या नियमित नोंदी होऊं लागल्या. आरंभीं निरीक्षकानें ठरल्या घटकेस यंत्रापाशीं जावें, सूचीची स्थिति पाहावी आणि आंकडा वहींत टिपावा, असा क्रम होता. पुढें छायाचित्राच्या कागदावर प्रकाशाची रेघ उमटवून यंत्र आपली नोंद आपणच करूं लागलें. मुंबईंत विजेच्या ट्रामगाड्या यावयाच्या ठरल्या, तेव्हां त्यांच्या प्रवाहामुळें हे नाजूक वेध बिघडतील हें ओळखून डॉ. नानाभाई मूस यांनीं चुंबकीय वेधशाळा अलिबागेस नेली. तेथें १९०४ पासून नोंदी सुरू झाल्या. परंतु यंत्र लिहूं लागलें तरी तें लिहिणें वाचावयास माणसाला त्याच्यापाशींच जावें लागे. तारायंत्रानें आंकडे दूरवर धाडतां येऊं लागले, हें खरें. पण ते वाचणारा माणूसच आणि तारेवर घालणाराही माणूसच.

दुसऱ्या महायुद्धानंतर इलेक्ट्रॉनिक यंत्रांचा प्रसार झपाट्यानें झाला आणि ही अडचण असह्य होऊं लागली. एकच उपकरण कसोटीस लावावयाचें तर शेंकडों मापें घ्यावीं लागत. विजेचा दाब मोजणारें यंत्र एका कारखान्याचें, कंपनांची गणना करणारें दुसऱ्याचें, संदेश निर्माण करणारें तिसऱ्याचें. प्रत्येकाची जोडणी निराळी. हीं सारीं एका गणकयंत्राच्या हुकमांत आणावयाचीं म्हणजे दर खेपेस नवी तारजुळणी करावी लागे.

अमेरिकेंतील ह्यूलेट-पॅकार्ड कंपनीच्या डोनाल्ड लॉफ्री प्रभृति अभियंत्यांनीं यावर एक सामाईक वाहिनी योजिली. १९७२ मध्यें ती प्रसिद्ध झाली. १९७५ मध्यें विद्युत्-अभियंत्यांच्या आय-ट्रिपल-ई या संस्थेनें ‘४८८’ या क्रमांकाचें प्रमाण म्हणून तिचा स्वीकार केला, आणि एका कंपनीची रीत ही सर्वांची रीत झाली. वाहिनींत कामाच्या तारा सोळा: आठ मजकुरासाठीं, पांच व्यवस्थेसाठीं आणि तीन देवघेवीच्या खुणांसाठीं. एका वाहिनीवर पंधरा यंत्रें, आणि तारेची एकंदर लांबी फार तर वीस मीटर.

तिचा व्यवहार एखाद्या शिस्तीच्या सभेसारखा चालतो. एक अध्यक्ष असतो; तो नेमील तें यंत्र बोलतें, नेमील तीं ऐकतात, आणि एका वेळीं वक्ता एकच. एखाद्या यंत्रास मध्येंच कांहीं निकडीचें सांगावयाचें असेल तर त्यानें हात वर करावा, यासाठींही एक तार राखलेली आहे. परंतु या योजनेचें खरें मर्म त्या तीन खुणांच्या तारांत आहे. एका तारेवर वक्ता म्हणतो, ‘शब्द मांडला आहे.’ दुसरीवर श्रोते म्हणतात, ‘आम्ही अजून तयार नाहीं,’ आणि तिसरीवर, ‘आम्ही अजून घेतलेला नाहीं.’ शेवटचा श्रोता तयार होईपर्यंत दुसरी तार मोकळी होत नाहीं, आणि शेवटच्या श्रोत्यानें शब्द घेईपर्यंत तिसरी. यास्तव सर्वांत मंद यंत्राच्या चालीनेंच सभा पुढें सरकते. त्वरेपायीं कोणी मागें राहत नाहीं. ऐकणारा मुळींच कोणी नसेल तर दोन्ही तारा एकदम मोकळ्या दिसतात, आणि आपला शब्द शून्यांत जाणार हें वक्त्यास तत्काळ कळतें. मौन म्हणजे संमति, ही समजूत येथें चालत नाहीं.

तरीही एक उणीव होतीच. तारा एक झाल्या, पण भाषा एक झाली नव्हती. एकच हुकूम एका यंत्रास एका अक्षरांनीं, तर दुसऱ्यास भलत्याच अक्षरांनीं द्यावा लागे. १९८७ मध्यें त्याच प्रमाणाचा दुसरा भाग निघाला आणि ‘तूं कोण?’ हा प्रश्न सर्व यंत्रांस सारखाच समजूं लागला. उत्तरांत यंत्र आपला कारखाना, नमुना व अनुक्रमांक सांगतें. १९९० मध्यें हुकमांची शब्दावलीही बरीचशी एक झाली. वीस मीटरांची मर्यादा पुढें संगणकांच्या जाळ्यांनीं ओलांडली. नारायणगांवाजवळ खोडद येथें ४५ मीटर व्यासाच्या तीस महाकाय दुर्बिणी सुमारें पंचवीस किलोमीटरांच्या टापूंत पसरल्या आहेत. त्यांस एकाच मध्यवर्ती इमारतींतून प्रकाशतंतूंच्या द्वारें आज्ञा जातात.

पानवलच्या पुलावरील यंत्र कांहीं त्या सोळा तारांच्या वाहिनीचें नव्हे. पण त्याच्यापुढें उभा असलेला प्रश्न तोच आहे. कोंकणांत या प्रश्नाचें मोल किती, हें २२ जून २००३ च्या रात्रीं दिसून आलें. वैभववाडीजवळ दरड रुळावर आली, मुंबईकडे निघालेली गाडी तिच्यावर आदळली आणि पन्नासांहून अधिक माणसें प्राणांस मुकलीं. पुढच्याच वर्षीं जूनमध्यें करंजाडीजवळ मत्स्यगंधा एक्सप्रेसवर तसाच प्रसंग ओढवला. डोंगर ढळला होता. ती खबर गाडीच्या आधीं पोंचली नाहीं, एवढाच काय तो अनर्थाचा सारांश. आज या मार्गावर पावसाळ्यांत गाड्यांचा वेग आटोक्यांत ठेवतात; रत्नागिरी, चिपळूण, कणकवली इत्यादि स्थानकांवर आपोआप नोंद करणारीं पर्जन्यमापकें आहेत, आणि सावित्री व वाशिष्ठी या नद्यांच्या पुलांवर पुराची सूचना देणारीं साधनें आहेत.

अशा यंत्रांची संख्या वाढणें इष्टच आहे. परंतु संख्येनें काम भागत नाहीं. प्रयोगशाळेंत खबर न आली तर एक माप चुकतें. घाटांत न आली तर माणसें जातात. दरडीकडील यंत्र गप्प असेल, तर दरड स्वस्थ आहे कीं यंत्रच बंद पडलें आहे, हें विचारणारा कोणीतरी पाहिजे, आणि उत्तर मिळेपर्यंत गाडीनें थांबलें पाहिजे. सर्वांत मंद श्रोत्यासाठीं थांबण्याची जी शिस्त अभियंत्यांनीं तीन तारांत गुंफिली, तीच रुळांवरही पाळली जाण्यांत प्रवाशांचें कल्याण आहे.