तीन मोती ऐकणारीचे



परी म्हटलं की आपल्या मुलींच्या डोळ्यांसमोर पांढरा झगा, पाठीला पंख आणि हातात चमकणारी काडी येते. ही परी टीव्हीतून घरात आली. आपल्या आज्यांच्या गोष्टींतल्या पऱ्या वेगळ्या. विहिरीच्या काठी शेंदूर लावलेले सात दगड दिसतात ना, त्या साती आसरा. आणि रानात समिधा, पानंफुलं आणायला गेलेल्या गरीब ब्राह्मणाला भेटतात, त्या नागकन्या आणि देवकन्या. श्रावणातल्या रविवारी सांगतात त्या आदित्यराणूबाईच्या कहाणीत त्या आहेत. आज मी या कहाणीबद्दल बोलणार आहे. पण कहाणीपेक्षा जास्त, ती ऐकणाऱ्यांबद्दल.

आधी कहाणी थोडक्यात. रानात देवकन्या सूर्याचा वसा वसत असतात. ब्राह्मण तो वसा घेतो आणि त्याचं दारिद्र्य फिटतं. त्याला दोन लेकी. थोरली राजाला दिलेली, धाकटी प्रधानाला. बाप थोरलीकडे जातो आणि म्हणतो, माझी कहाणी ऐक. ती म्हणते, मला वेळ नाही, राजाला शिकारीला जायचंय, जेवणाला उशीर होईल. धाकटी मात्र बसून ऐकते. पुढे थोरलीच्या घरी दारिद्र्य येतं. ती मुलांना एकामागून एक मावशीकडे पाठवते. मावशी कधी कोहळा पोखरून, कधी काठी पोखरून, कधी नारळात मोहरा भरून देते. वाटेत ते सगळं हातचं जातं. शेवटी थोरली स्वतः बहिणीकडे जाते, वसा घेते आणि तिचे दिवस पालटतात.

आता खरी गंमत. परतीच्या वाटेवर थोरलीला कहाणी सांगायची असते आणि ऐकणारं कुणी मिळत नाही. मोळीविक्या भेटतो. तो विचारतो, तुझी कहाणी ऐकून मला काय मिळणार, माझं पोट कसं भरणार? मग ती सहा मोती घेते. तीन स्वतःकडे ठेवते, तीन त्याला देते. तो ऐकतो आणि त्याची मोळी सोन्याची होते. पुढे ज्याचा मळा वाळलाय असा माळी, मुलं गमावलेली म्हातारी आणि हातपाय नसलेला एक जीव असे तिघे भेटतात. तेही ऐकतात. मळ्याच्या विहिरीला पाणी लागतं, म्हातारीची मुलं परत येतात, त्या जीवाला हातपाय फुटतात.

मैत्रिणींनो, ज्या गोष्टीत ऐकणाऱ्याचाही वाटा मोजून दिलाय, अशी दुसरी गोष्ट मला तरी आठवत नाही. सांगणारीला तीन, ऐकणाऱ्याला तीन. बरोबरीत.

मागच्या श्रावणात आमच्या एका गटाच्या बैठकीत मी ही कहाणी सांगितली. हप्ते जमा झाले होते, पाऊस लागला होता, कुणाला निघता येत नव्हतं. सांगून झाल्यावर मला वाटलं, बायका हात जोडून उठतील. तसं झालं नाही.

रोज डोंगरातून सरपण आणणारी एक जण म्हणाली, "ताई, मोळी सोन्याची झाली खरी, पण त्या रात्री त्याच्या घरची चूल कशावर पेटली?" सगळ्या हसल्या. दुसरी रागावून म्हणाली, "थोरलीचं काय चुकलं? नवऱ्याचं जेवण वेळेवर झालं नसतं तर तिलाच बोलणी बसली असती. वेळ नाही म्हणाली म्हणून एवढी शिक्षा?" त्यावर सत्तरीच्या एक मावशी शांतपणे म्हणाल्या, "शिक्षा वेळ नसल्याची नाही बाई. बाप दारी येऊन काही सांगत होता, ते ऐकलं नाही त्याची." आणि आमच्या सचिवबाई म्हणाल्या, "मला कोहळ्याचं पटलं. लपवून, दुसऱ्याच्या हाती पाठवलेला पैसा बाईला पोचत नाही. ती स्वतः गेली, तेव्हाच मिळालं. म्हणून खातं आपल्या नावावर पाहिजे."

मी बी.ए.ला असताना पुस्तकांवरची परीक्षणं वाचली होती. पण एका कहाणीला एका दुपारी चार बाजूंनी असं उलटून पाहिलेलं कधी वाचलं नव्हतं.

मग प्रश्न पडला. ही कहाणी किती पिढ्या बायका ऐकत आल्या. त्या काय म्हणाल्या, ते कुठे लिहिलंय का?

आपल्याकडच्या गोष्टी छापल्या कशा गेल्या, हे बघितलं तर थोडं उत्तर मिळतं. 1868 साली लंडनला एक इंग्रजी पुस्तक निघालं, 'ओल्ड डेक्कन डेज'. मुंबईच्या गव्हर्नरची मुलगी मेरी फ्रियर हिने ते लिहिलं. गोष्टी मात्र होत्या तिच्या आयेच्या. त्या आयेचं नाव ॲना लिबराता डिसूझा. नवरा गेल्यावर मुलांना वाढवायला ती साहेबांच्या घरी काम करत होती. या गोष्टी तिने आपल्या आजीकडून ऐकल्या होत्या. त्यातली एक सूर्याबाईची. सवत तिला तळ्यात ढकलते, तर पाण्यातून सोनेरी सूर्यफूल उगवतं. सवत ते फूल जाळते, तर राखेतून आंब्याचं झाड येतं. त्याचा आंबा एका गरीब दूधवालीच्या भांड्यात पडतो आणि त्यातून सूर्याबाई पुन्हा मोठी होते. ती दूधवालीच तिची आई असते. मेरी फ्रियरचं एक बरं, तिने ॲनाचं नाव दिलं आणि ॲनाने सांगितलेली तिची स्वतःची हकीकतही पुस्तकात घातली.

त्यानंतर 1914 साली 'डेक्कन नर्सरी टेल्स' हे पुस्तक आलं. लिहिणारे चार्ल्स किंकेड हे इंग्रज सनदी अधिकारी, चित्रं काढली आपल्या कोल्हापूरच्या धुरंधरांनी. त्यात पहिलीच गोष्ट रविवारची, म्हणजे आपली आदित्यराणूबाई. किंकेडसाहेबांनी पुस्तक आपल्या लहान मुलाला अर्पण केलं, कारण त्याला या गोष्टींची गोडी होती. म्हणजे बघा, एका इंग्रज पोराला कहाणी आवडली याची नोंद झाली. ज्या बायका श्रावणात तांदूळ हातात घेऊन ती ऐकत होत्या, त्यांना काय वाटलं, ते कुणी विचारलंच नाही.

हे बदललं ते बरंच उशिरा. 1980 नंतर पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी गावोगाव फिरून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. एक लाखाहून जास्त ओव्या, हजाराहून जास्त गावांतल्या. ओवीबरोबर गाणारीचं नाव आणि गावही लिहून ठेवलं. आता त्यातल्या कितीतरी इंटरनेटवर ऐकता येतात. जातं घरातून गेलं, पण नाव राहिलं.

आपल्या नाशिक जिल्ह्यात असं लिहायला काय कमी आहे? सुरगाणा, पेठकडे कोकणा समाजात थाळीच्या नादावर कणसरीची कथा रात्र रात्र सांगतात. कणसरी म्हणजे कणसातली लक्ष्मी, धान्याची देवी. गौरीच्या दिवसांत कितीतरी घरांत रानातला तेरडाच गौर म्हणून येतो, आणि प्रत्येक घरची त्याची गोष्ट थोडी वेगळी असते.

एक कबुली देते. माझी आजी ही कहाणी सांगायला बोलवायची, तेव्हा मी कॉलेजात होते. मी म्हणायचे, आजी, वेळ नाही, बस चुकेल. आज आजी नाही. तिच्या कहाणीत शेवटी एक चिमणी यायची, एवढंच आठवतं. ती चिमणी कुठल्याच छापील पुस्तकात मला सापडली नाही. थोरलीचं काय चुकलं, हे मला कुणी वेगळं सांगायला नको.

म्हणून आमच्या गटाने आता एक साधं काम सुरू केलंय. इतिवृत्ताच्या वहीत शेवटची चार पानं राखून ठेवतो. महिन्यातून एक गोष्ट. डाव्या पानावर गोष्ट आणि सांगणारीचं नाव. उजव्या पानावर ऐकणाऱ्या काय म्हणाल्या ते, त्यांच्या नावासकट. जिला लिहिता येत नाही तिचं बोलणं शाळेतली मुलगी लिहून घेते. "चूल कशावर पेटली" हा प्रश्न आमच्या पहिल्या पानावर आहे.

तुमच्याही गटात करून बघा. वही आहेच, पेनही आहे. आणि घरात कुणी म्हातारी "ये, बस" म्हणाली, तर भाकरी पाच मिनिटं उशिरा टाका.