राळेगणसिद्धीचे विद्यालय : नापासांसाठी उघडलेले दार

पुणे-नगर रस्त्यावरील वाडेगव्हाण फाट्यावरून आत वळले की पारनेर तालुक्यातील राळेगणसिद्धी हे गाव लागते. पाणलोट विकास, दारूबंदी आणि अण्णा हजारे यांची उपोषणे यांमुळे ते देशभर परिचित झाले. येथे येणारे पाहुणे नालाबांध आणि पाझर तलाव आवर्जून पाहतात. गावच्या माध्यमिक शाळेचा इतिहास मात्र त्या मानाने दुर्लक्षित राहिला आहे. वस्तुतः हजारे यांचे पहिले उपोषण पाण्यासाठी नव्हते आणि भ्रष्टाचाराविरुद्धही नव्हते. ते या शाळेच्या मान्यतेसाठी होते.

अहिल्यानगर जिल्ह्याला (2024 पर्यंतचा अहमदनगर जिल्हा) शिक्षणाची परंपरा जुनी आहे. अमेरिकन मराठी मिशनने 1831 मध्ये नगरला केंद्र उघडले आणि सिंथिया फरार यांनी 1839 पासून 1862 मध्ये निधन होईपर्यंत येथे मुलींच्या शिक्षणाचे काम केले. तथापि ही परंपरा जिल्हाभर सारखी पसरली नाही. उत्तरेकडील तालुक्यांना कालव्यांचे पाणी मिळाले, त्यावर ऊस आला, 1950 मध्ये प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना सुरू झाला आणि कारखान्यांच्या आधाराने शिक्षणसंस्था उभ्या राहिल्या. दक्षिणेकडील पारनेर तालुका पर्जन्यछायेत आहे. ज्या गावात दोन वेळच्या भाकरीची भ्रांत, तेथे हायस्कूल कोण काढणार?

राळेगणमध्ये 1932 साली एका खोलीची प्राथमिक शाळा सुरू झाली. 1962 मध्ये ग्रामस्थांनी श्रमदानाने तिला आणखी खोल्या जोडल्या. 1971 मध्ये गावाची लोकसंख्या सुमारे 1,209 होती आणि साक्षरतेचे प्रमाण जेमतेम 30 टक्के. राज्याचे प्रमाण त्या वेळी 39 टक्के होते. गावातील साक्षरांत पुरुष 290 आणि स्त्रिया अवघ्या 72. पुढे शिकू पाहणारी मुले शिरूर किंवा पारनेर गाठीत. मुलींना परगावी धाडण्याचा प्रश्नच नव्हता. त्यांचे शिक्षण प्राथमिक शाळेतच संपे.

लष्करातून निवृत्त होऊन हजारे 1975 मध्ये गावी परतले. संत यादवबाबांच्या मंदिराची दुरवस्था झाली होती. त्याची लाकडे दारूच्या भट्ट्यांत जळण म्हणून गेली होती. भविष्यनिर्वाह निधीच्या पैशांतून त्यांनी मंदिराचा जीर्णोद्धार आरंभिला आणि ते गावकऱ्यांच्या एकत्र येण्याचे ठिकाण झाले. 1976 मध्ये बालवाडी सुरू झाली. 1979 मध्ये संत यादवबाबा शिक्षण प्रसारक मंडळाची नोंदणी झाली आणि त्याच वर्षी माध्यमिक शाळेचे वर्ग भरू लागले. शाळेला नाव मिळाले ते संत निळोबारायांचे. तुकोबांच्या शिष्यपरंपरेतील या संताचे पिंपळनेर जवळच आहे.

शाळा काढणे सोपे, मान्यता मिळविणे अवघड. मान्यता नसलेल्या शाळेला शिक्षकांच्या वेतनासाठी अनुदान मिळत नाही आणि शालान्त परीक्षेला आपले विद्यार्थीही बसविता येत नाहीत. म्हणजे मुलांची वर्षेच पणाला लागतात. जिल्हा परिषदेकडून मान्यता मिळेना, तेव्हा 1980 मध्ये हजारे यांनी उपोषणाचा मार्ग पत्करला आणि मान्यता पदरात पडली. पुढील अनेक दशकांत राज्य व केंद्र सरकारांना ज्या शस्त्राची धास्ती वाटली, त्याची पहिली चाचणी एका खेड्यातील शाळेच्या कागदपत्रांवर झाली, हे ध्यानात घेण्याजोगे आहे.

इमारतीसाठी राष्ट्रीय ग्रामीण रोजगार कार्यक्रमातून 4 लाख रुपये मिळाले. ग्रामस्थांच्या श्रमदानामुळे बांधकाम दोन महिन्यांत उरकले. गरीब विद्यार्थ्यांसाठी 200 जणांचे वसतिगृहही उभे राहिले. 1982 मध्ये गावातील एक मुलगी शालान्त परीक्षा उत्तीर्ण झाली. राळेगणमधील ती पहिलीच.

या शाळेचे खरे वेगळेपण प्रवेशाच्या नियमात आहे. नामांकित शाळा गुणपत्रिका पाहून प्रवेश देतात. राळेगणने अन्यत्र नापास झालेल्या आणि शाळेतून गळालेल्या मुलांना प्राधान्य दिले. दहावीचा निकाल ही शाळेची प्रतिष्ठा ठरल्यामुळे कच्च्या विद्यार्थ्याला नववीतच रोखायचे किंवा ‘सतरा नंबरचा फॉर्म’ भरून बाहेरून परीक्षेला बसवायचे, ही क्लृप्ती शहरातील पालकांनाही अपरिचित नाही. अशा शाळांचा निकाल चांगला लागतो, पण गाळलेल्या मुलांची मोजदाद कोणत्याही टक्केवारीत होत नाही. राळेगणच्या वसतिगृहात बाहेरगावची हीच मुले येऊ लागली. एके काळी शिक्षणासाठी ज्या गावची मुले शिरूरला जात, त्या गावाकडे पालक आता आपली मुले आणू लागले.

त्यासाठी योजलेला उपाय गूढ नव्हता. पहाटे उठणे, धावणे, व्यायाम, शाळेच्या वेळेव्यतिरिक्त जादा तास, जोडीला वृक्षलागवडीसारखी श्रमाची कामे. ‘कमवा आणि शिका’ ही कर्मवीर भाऊराव पाटलांची शिकवण महाराष्ट्राला ठाऊक होतीच. राळेगणने त्या श्रमसंस्काराला लष्करी शिस्तीची जोड दिली. या शिस्तीवर टीकाही झाली आहे. दारुड्यांना खांबाला बांधून फटके देणाऱ्या गावात शिस्त आणि सक्ती यांतील सीमारेषा पुसट होते, हा अभ्यासकांचा आक्षेप रास्त आहे आणि शाळेचा विचार करतानाही तो बाजूला सारता येत नाही. तरीही ज्याला सर्वांनी ‘ढ’ ठरविले, त्याला पुन्हा वर्गात बसविण्याची तयारी फार थोड्या संस्थांनी दाखविली, हेही तितकेच खरे.

शिक्षणहक्क कायदा 2010 मध्ये अमलात आला आणि आठवीपर्यंत नापास करण्यास बंदी झाली. 2019 मधील दुरुस्तीने पाचवी व आठवीत पुन्हा परीक्षेची मुभा राज्यांना दिली. नववीची चाळणी मात्र या कायद्याच्या कक्षेबाहेर राहिली आहे.