आर्ची बंकरची खुर्ची

वेडगळ माणसाला रंगभूमीवर उभा करून लोकांस त्याला हंसावयास लाविलें, म्हणजे लोकांच्या अंगचा तोच वेडगळपणा हळूहळू कमी होतो, असा प्रहसनकारांचा पूर्वापार दावा आहे. मोलिएरनें तो केला व त्याच्या मागून आलेल्या बहुतेकांनीं तो उसना घेतला. हा दावा तपासण्यास लागणारा पुरावा मात्र जुन्या नाटकांच्या बाबतींत मिळत नाहीं. प्रेक्षक घरीं जाऊन काय म्हणाले हें कोणीं टिपून ठेविलेलें नसतें. अमेरिकेंतील एका दूरचित्रवाणी-प्रहसनाच्या बाबतींत तो पुरावा अंशतः तरी उपलब्ध आहे, म्हणून त्याची हकीकत वाचकांपुढें मांडण्याचें आम्हीं योजिलें आहे. त्याचें नांव ‘ऑल इन द फॅमिली’. १२ जानेवारी १९७१ रोजीं सी. बी. एस. या संस्थेनें तें प्रथम दाखविलें, व तें एप्रिल १९७९ पर्यंत चाललें.

मूळ कल्पना इंग्लंडांतली. जॉनी स्पाइट या लेखकानें बी. बी. सी.साठीं लिहिलेल्या ‘टिल डेथ अस डू पार्ट’ या मालिकेंत लंडनच्या वॉपिंग भागांतला आल्फ गार्नेट हा गृहस्थ घरांत बसून साऱ्या जगाला, विशेषतः काळ्या लोकांना व ज्यूंना, शिव्या घालीत असे. गंमत अशी कीं, आल्फची भूमिका करणारा वॉरन मिचेल स्वतःच ज्यू होता. नॉर्मन लिअर या अमेरिकन लेखकानें या मालिकेची हकीकत वाचली, तेव्हां त्याला स्वतःच्या बापाशीं झालेलीं भांडणें आठवलीं, आणि त्यांतून आर्ची बंकर जन्मास आला. ए. बी. सी. या संस्थेनें लिअरकडून १९६८ व १९६९ सालीं दोन नमुने करवून घेतले आणि दोन्ही परत केले. सी. बी. एस.ने धीर केला. पण पहिल्या रात्रीं आरंभींच एक सूचना दाखवून, माणसाच्या दुर्बलतांवर व पूर्वग्रहांवर हास्याचा झोत टाकण्याचा हा प्रयत्न आहे, असें प्रेक्षकांस बजावलें. प्रहसनाला असें हमीपत्र जोडावें लागणें हेंच पुढच्या वादाचें सूचक होतें.

आर्ची राहतो न्यूयॉर्क शहराच्या क्वीन्स भागांत, ७०४ हाउझर स्ट्रीट या काल्पनिक पत्त्यावर. दुसऱ्या महायुद्धांत लढून आलेला, कारखान्यांत मालाच्या चढउतारीवर मुकादम, संध्याकाळीं घरीं येऊन आपल्या ठराविक खुर्चींत बसणारा व तींत दुसरा कोणी बसल्यास संतापणारा असा हा गृहस्थ. बायको एडिथ भोळी, पण त्याच्याहून शहाणी. मुलगी ग्लोरिया, आणि सासऱ्याच्या घरीं राहून समाजशास्त्र शिकणारा पोलिश वंशाचा जांवई माइक. आर्ची मोठमोठे शब्द वापरावयास जातो व ते चुकवितो. शेरिडनच्या मिसेस मॅलाप्रॉपचें हें कुळ, आणि इंग्रजीच्या शिक्षकास यांत जी मौज वाटते तिचें वर्णन न केलेलेंच बरें.

आर्चीच्या गल्लीचा इतिहास मात्र केवळ मौजेचा नाहीं, व तो ठाऊक असल्यावांचून प्रहसनांतला विनोद नीट कळत नाहीं. मार्च १९७१च्या एका भागांत शेजारचें घर एका काळ्या कुटुंबानें विकत घेतल्याची बातमी येते. आर्ची त्यांना अडविण्याच्या खटपटीस लागतो, आणि शेवटीं कळतें कीं, तें कुटुंब म्हणजे त्याच्या घरीं नेहमीं येणाऱ्या लायोनेल जेफरसनचेंच. प्रेक्षक हंसतात. परंतु काळा शेजारी आला कीं घराची किंमत उतरते, ही आर्चीची भीति त्याच्या डोक्यांतून निघालेली नव्हती. १९३४ सालीं स्थापन झालेल्या संघसरकारच्या गृहनिर्माण खात्यानेंच कर्जाचा विमा देतांना मिश्र वस्त्या धोक्याच्या मानिल्या होत्या, आणि घराच्या खरेदीखतांत काळ्यांना विक्री न करण्याची अट घालण्यास उत्तेजन दिलें होतें. असल्या अटी न्यायालयांनीं बजावूं नयेत असा निकाल सर्वोच्च न्यायालयानें १९४८ सालीं दिला. घरांच्या विक्रींत व भाड्यांत वर्णभेद करण्यास बंदी करणारा कायदा झाला तो १९६८त, म्हणजे आर्ची पडद्यावर येण्याच्या अवघीं तीन वर्षें आधीं. ज्या माणसाची सारी पुंजी एका लहानशा घरांत गुंतली आहे त्याच्या पूर्वग्रहाला सरकारनें एक पिढीभर किंमत लावून दिली होती. आर्ची मूर्ख आहे खरा. पण या एका बाबतींत त्याचा हिशेब, दुर्दैवानें, चुकलेला नव्हता.

हें नाटकांत चाललें असतां क्वीन्समध्येंच खरें नाटक उभें राहिलें होतें. फॉरेस्ट हिल्स या सुखवस्तु, बहुतांशीं ज्यू वस्तींत गरीबांसाठीं चोवीस मजल्यांच्या तीन इमारती व त्यांत ८४० बिऱ्हाडें बांधण्याची नगरपालिकेची योजना होती. १९७१च्या अखेरीस रहिवासी रस्त्यावर उतरले. १९७२ सालीं मारियो क्युओमो या वकिलास मध्यस्थ नेमण्यांत आलें (हेच पुढें न्यूयॉर्क राज्याचे गव्हर्नर झाले) आणि तडजोड निघाली ती बारा मजल्यांची व ४३२ बिऱ्हाडांची. येथें आंदोलन करणारे लोक मुकादम नव्हते. सुशिक्षित माणसाच्या अंगींहि आर्ची असतो, तो फक्त शब्द चुकवीत नाहीं, एवढें या प्रकरणानें दाखविलें. लिअरच्या प्रहसनाची आमच्या मतें मोठी उणीव हीच: त्यानें पूर्वग्रहाला अशुद्ध भाषा दिली, आणि शुद्ध बोलणारा प्रेक्षक सुटला.

याहून निराळा आक्षेप लॉरा हॉब्सन या कादंबरीकर्त्रीनें सप्टेंबर १९७१मध्यें न्यूयॉर्क टाइम्समधून घेतला. ज्यूद्वेषावर ‘जंटलमन्स अग्रीमेंट’ ही कादंबरी १९४७ सालीं लिहिणाऱ्या या बाईंचें म्हणणें असें कीं, असे लोक खरोखर जे घाणेरडे शब्द वापरतात ते आर्चीच्या तोंडीं नाहींत. त्याला गोड करून दाखविलें आहे, आणि गोड द्वेष कडू द्वेषापेक्षां अधिक घातक. लिअरनें त्याच पत्रांतून उत्तर दिलें. लोक मात्र तिकडे आर्चीला डोक्यावर घेऊन नाचत होते. १९७१–७२ पासून ओळीनें पांच हंगाम या मालिकेचा प्रेक्षकसंख्येंत पहिला क्रमांक होता. १९७२च्या निवडणुकीच्या वर्षीं ‘आर्चीला अध्यक्ष करा’ अशा अर्थाचे बिल्ले विकले गेले. ते लावणारे सारेच उपहासानें लावीत होते काय?

या प्रश्नाला धरून असलेला पुरावा १९७४ सालीं प्रसिद्ध झाला. व्हिडमार व रोकीच या दोन संशोधकांनीं अमेरिकेंतील शाळकरी वयाचीं मुलें व कॅनडांतील प्रौढ माणसें यांचीं मतें घेतलीं. प्रहसन पूर्वग्रह असलेल्यांना व नसलेल्यांना सारखेंच हंसवी; पण ज्यांचे पूर्वग्रह तीव्र होते त्यांना माइकपेक्षां आर्ची अधिक आवडे, आणि वादांत शेवटीं जिंकतो तो आर्चीच, असें त्यांना दिसे. एकच देखावा, एकच हंशा, आणि दोन निरनिराळीं नाटकें. फॉल्स्टाफच्या बाबतींत शेक्सपिअरचें काय झालें हें ज्यांना ठाऊक आहे त्यांना याचें नवल वाटूं नये. राजानें त्या लठ्ठ म्हाताऱ्याला हांकलून दिलें, पण प्रेक्षक म्हाताऱ्याच्याच बाजूचे राहिले. कॅरल ओ’कॉनरसारखा नट आर्चीच्या भूमिकेंत घातल्यावर प्रेक्षकानें त्याच्यावर लोभ करूं नये, ही अपेक्षाच भाबडी. १९७८ सालीं आर्ची व एडिथ यांच्या खुर्च्या वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन वस्तुसंग्रहालयांत गेल्या. राष्ट्राने त्या ठेवून घेतल्या त्या लोभानेंच, तिरस्कारानें नव्हे.

म्हणून प्रहसन फुकट गेलें असेंहि आम्ही म्हणत नाहीं. शेजारचे जेफरसन १९७५त स्वतःची मालिका घेऊन मॅनहॅटनमध्यें राहावयास गेले व ती मालिका दहा वर्षें चालली. धुलाईच्या दुकानांवर श्रीमंत झालेला जॉर्ज जेफरसन गोऱ्यांना आर्चीच्याच तोऱ्यानें बोलतो, आणि त्याच्या शेजारीं गोरा नवरा व काळी बायको असें जोडपें राहतें. असले विवाह १९६७ पर्यंत कित्येक राज्यांत गुन्हा होते.

पण लिअरच्या मंडळींचें उत्तम काम आम्हांस वाटतें तें १९७८च्या फेब्रुवारींतल्या एका भागांत. आर्ची व माइक दारूच्या कोठारांत कोंडले जातात. दारूच्या अंमलांत आर्ची लहानपणच्या गोष्टी काढतो: घरच्या गरिबीमुळें एका पायांत बूट व दुसऱ्यांत निराळेंच पादत्राण घालून शाळेंत गेल्याची, एका काळ्या मुलाला बापाच्या तोंडची शिवी दिली म्हणून त्याचा मार खाल्ल्याची, आणि बापाच्या मारण्याची. माइक म्हणतो, तुझा बाप चुकला. आर्चीला तें सोसत नाहीं. ज्या हातानें आपणांस धरून चालविलें तोच मारणारा हात वाईट कसा, असा त्याचा प्रश्न आहे, आणि सात वर्षें प्रत्येक वादांत तोंड उघडणाऱ्या माइकजवळ त्याला द्यावयास उत्तर नाहीं.

एक गोष्ट मात्र या प्रहसनानें जवळजवळ पाहिलीच नाहीं. १९६५च्या नव्या कायद्यानें देशवार कोट्याची जुनी पद्धत मोडली व आशियांतून माणसें येऊं लागलीं, तीं मोठ्या संख्येनें क्वीन्समध्येंच उतरलीं. जॅक्सन हाइट्सच्या चौऱ्याहत्तराव्या रस्त्यावर साड्यांचीं व मसाल्यांचीं दुकानें निघालीं. आर्ची खुर्चींत बसून जेफरसनांच्या नांवानें बोटें मोडीत होता, त्याच दशकांत, ४ जुलै १९७७ रोजीं, त्याच क्वीन्सच्या फ्लशिंग भागांत गणपतीच्या देवळाची प्राणप्रतिष्ठा झाली.